टाळ्या केसांना पडल्या

माझा आवाज जाड आहे. लहानपणापासून. फोन उचलला की पलीकडून "भैया, मम्मी हैं क्या घर पे?" असं यायचं, आणि मी भैया नाही हे सांगायचा कंटाळा येऊन मी सरळ आईला फोन द्यायचे. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. छत्तीसगढातल्या आमच्या स्टील प्लांटच्या टाउनशिपमध्ये, सेक्टर 2 ला, जयंतीच्या कार्यक्रमाला आमच्या बायकांचा कोरस असायचा, त्यात मला मागच्या रांगेत उभं करून हातात झांज द्यायचे. झांज वाजवणारीकडून कुणी गाण्याची अपेक्षा करत नाही.

घरात मात्र याच आवाजाचा उपयोग होता. बाबा प्लांटमध्ये, रोलिंग मिलमध्ये होते. तिथल्या धडधडाटात त्यांचे कान गेले. पूर्ण बहिरे नव्हते, पण बारीक, वरचे आवाज त्यांना कळायचे नाहीत. कुकरची शिट्टी नाही, दाराची घंटी नाही, आईचं बोलणं तर अजिबात नाही. आई काही सांगायची, ते माझ्याकडे बघायचे, मी तेच परत म्हणायचे, की त्यांना समजायचं. आईला त्याचा राग यायचा. "मी काय चिनी भाषेत बोलून राहिली का?" म्हणायची.

तर कॉलेज संपलं, वैशाली नगरातल्या एका खासगी शाळेत मी कॉम्प्युटर शिकवायला लागले, आणि त्याच वर्षी सुपेल्यातल्या एका नाटक मंडळीनं रॉक संगीत नाटक बसवायला घेतलं. गिटार, ड्रम, बास, सगळं मंचावर, आणि गोष्ट इथलीच. एका कंत्राटी मजुराचा मुलगा दिवसा बापासोबत लोखंड उचलतो आणि संध्याकाळी बँडमध्ये गातो. पहिल्याच प्रवेशात बाप त्याला विचारतो, "तू आखिर बनना क्या चाहता है?" मुलगा काही बोलत नाही. पूर्ण नाटक होतं, बँड मोडतो, प्रेम तुटतं, आणि शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात तो बापाला उत्तर देतो. हे उत्तर म्हणजे नाटक.

मी गेले होते कोरससाठी. तालमीचा हॉल एका ग्रिल बनवणाऱ्या दुकानाच्या वर होता. खाली वेल्डिंग चालायचं, त्यामुळे वर गाणाऱ्याला गळा ताणूनच गावं लागे. मुख्य भूमिकेसाठी पाच-सहा मुलं आली होती, पण आजकालची मुलं सगळी वरच्या पट्टीत गातात. गाणी खर्जात बांधलेली होती, ती त्यांच्या गळ्यातून निघेनात. मी मागे बसून गुणगुणत होते. दिग्दर्शकांनी मान वळवली. पन्नाशीचे होते, सगळे त्यांना दादा म्हणत.

"ये कौन लड़का गा रहा है?"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मग गिटारवाल्यानं माझ्याकडे बोट केलं. दादा हसले, मग हसायचे थांबले, आणि म्हणाले, "पूरा गा."

मी पूर्ण गायले. त्या दिवशी पहिल्यांदा माझा आवाज कुठेतरी बसला. जिन्यावरून उतरताना पाय हलके झाले होते. वाटलं, इतकी वर्षं ज्या आवाजामुळे तोंड मिटून राहिले, तो याच्यासाठीच होता.

घरी सांगितलं तर आईनं हातातलं पीठ तसंच ठेवलं.

"पोट्ट्याचं काम? तू कावून करतं पोट्ट्याचं काम? पोट्टे मेले का सुपेल्यातले?"

"गाणं माझ्या आवाजाचं आहे, आई."

"उद्या सोयरीक आली तं काय सांगू मी? आमची पोरगी पँट घालून स्टेजवर पोट्टा बनते?"

बाबांना तिचं कळलं नव्हतं, म्हणून मी त्यांना सांगितलं. मुख्य काम आहे, मुलाचं आहे, गायचं आहे.

"मले आयकू येईन का?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"मंग करजो."

आई दोन दिवस आमच्या दोघांशीही बोलली नाही. बाबांना ते तिसऱ्या दिवशी कळलं.

तालमी सुरू झाल्या आणि माझा आनंद हळूहळू खरवडला जाऊ लागला. दादांना एक मर्द हवा होता. छाती काढून चालणारा, पाय फाकवून बसणारा, बोलता बोलता थुंकणारा. "बेटा, मर्द दिखना चाहिए. पब्लिक को लगना चाहिए." मी बाबांना बघत मोठी झाले होते. बाबा ड्यूटीवरून आले की दाराच्या पायरीवर बसायचे, सेफ्टी शूजच्या नाड्या सोडायचे, आणि जोडे काढल्यावर थोडा वेळ नुसते पायाच्या बोटांकडे बघत राहायचे. मी माझ्या मुलाला तसंच बसवलं. दादा वैतागले.

"ये तो थका हुआ आदमी है."

"मजूर है दादा. थका हुआ ही होगा ना."

"हीरो है, हीरो! तू लड़की है इसलिए तुझे डबल मर्द बनना पड़ेगा, समझी?"

नाही समजलं. अजूनही नाही समजलं. नाड्या सोडायचं तेवढं मी धरून ठेवलं. बाकी चालणं-थुंकणं त्यांच्या म्हणण्याप्रमाणे केलं, आणि दर वेळी आपण कुणाची तरी टिंगल करतोय असं वाटत राहिलं.

मग प्रेमाच्या गाण्याचा घोळ झाला. नायिकेचं काम करणारी मुलगी वैशाली नगरची होती, छत्तीसगढी घरातली, माझ्याहून लहान. आमची पहिल्या आठवड्यातच मैत्री झाली होती, कारण आम्हा दोघींनाही संध्याकाळी सातनंतर घरून फोन यायचे. त्या गाण्यात मी तिचा हात धरून मंचाच्या पुढे यायचं होतं, बस. एक दिवस तिची आई तालीम बघायला आली. गाणं झाल्यावर तिनं दादांना बाजूला घेतलं. आम्हाला ऐकू आलंच.

"दो लड़कियाँ हैं भैया. अच्छा नहीं लगता."

दादांनी एका शब्दानंही वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी नायिका डावीकडच्या जिन्यावर आणि मी उजव्या टोकाला. मध्ये पूर्ण रिकामा मंच. रस्त्याच्या दोन बाजूंनी दोन माणसं एकमेकांना पत्ता विचारतात तशा आम्ही एकमेकींना प्रेम सांगायला लागलो. नायिका तिकडून डोळ्यांनी हसायची. मला हसू येत नव्हतं. नाटकात मी मुलगा असले तर मग हात का नको, आणि मुलगी असले तर मग मला थुंकायला का लावता? हे मी दादांना विचारलं. ते म्हणाले, "तू बहुत सोचती है."

प्रयोगाच्या आठवडाभर आधी खरा घाव बसला. माझे केस तेव्हा कमरेपर्यंत होते. ते घट्ट गुंडाळून, पिना लावून, वर टोपी घालून मी काम करत असे. टोपी त्या मुलाला शोभायची. त्या दिवशी दादा तालमीला आले तेच उत्साहात.

"एक आइडिया है. आखिरी गाने में, लास्ट अंतरे के ठीक पहले, म्यूज़िक रुकेगा. तू टोपी उतारेगी. पिन खींचेगी. बाल खुलेंगे. पब्लिक पागल हो जाएगी!"

मला आधी समजलंच नाही. "लेकिन दादा, उस लड़के के बाल लंबे क्यों होंगे?"

"अरे लड़के के नहीं, तेरे. पब्लिक को पता तो चले कि लड़की थी."

"कावून पता चलना चाहिए?" माझ्या तोंडून असंच निघालं, अर्धं घरचं, अर्धं बाहेरचं.

हॉलच्या भिंतीवर दादांचा एक जुना फोटो होता. आमच्या छत्तीसगढात नाचा असतो, गावोगाव रात्रभर चालणारा लोकनाट्याचा खेळ, त्यात बायकांची कामं पुरुष करतात. दादा तरुणपणी नाच्यात परी, म्हणजे नाचणारी बाई, व्हायचे. फोटोत लुगडं, नथ, कपाळावर टिकली, आणि खरंच सुंदर दिसायचे. मी त्या फोटोकडे हात केला.

"दादा, आपको कभी किसी ने आखिर में साड़ी खोलने को कहा? देखो, आदमी था, ये दिखाने को?"

गिटारवाला खाली बघायला लागला. दादांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "वो अलग बात है. वो परंपरा है."

"तो फिर हम—"

"देख, चीफ गेस्ट आ रहे हैं, प्रेसवाले आ रहे हैं. नहीं करना है तो बता दे. अभी भी लड़के हैं."

मी केलं. दुसरं काय करणार होते? इतक्या महिन्यांची तालीम, शाळेतून घेतलेल्या सुट्ट्या, आईशी झालेली भांडणं, आणि मुख्य म्हणजे ती गाणी. ती गाणी मला गायची होती. केस हे त्यांचं भाडं समजून मी मान हलवली. घरी जाताना सुपेल्याच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकले आणि स्कूटीवर बसल्या बसल्या हेल्मेटमध्ये रडले. हेल्मेटमध्ये रडायचं एक बरं असतं, कुणाला दिसत नाही, मागचा नुसता हॉर्न वाजवतो.

प्रयोग टाउनशिपमधल्या मोठ्या सभागृहात झाला. आई आली होती, चेहरा घट्ट करून. बाबा दुसऱ्या रांगेत, प्रेसवाल्यांच्या मागे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. पहिल्या प्रवेशात मी पायरीवर बसून नाड्या सोडायला लागले आणि सभागृहातून एक आवाज आला, मोठा खाकरल्यासारखा. तो बाबांचा होता, हे मला नंतर आईनं सांगितलं. ते हसले होते.

नाटक चांगलं चाललं. हे मी बढाई म्हणून नाही सांगत. एकदा गाणं सुरू झालं की मला माझं काही आठवत नव्हतं, मर्द नाही, मुलगी नाही. बासचा आवाज पायांतून वर यायचा आणि माझा आवाज त्याच्यावर बसायचा. टोपीच्या आत घाम येत होता. मला वाटलं, कदाचित दादा विसरतील. कदाचित बँड थांबणार नाही.

बँड थांबला. मी टोपी काढली, पिना ओढल्या. केस खाली आले.

तसा आवाज मी त्या सभागृहात कधी ऐकला नव्हता. लोक उठून उभे राहिले. शिट्ट्या, टाळ्या, मोबाइलचे लाइट. चीफ गेस्टनी शेजारच्याच्या खांद्यावर हात मारला. इतक्या गाण्यांना मिळून जेवढ्या टाळ्या पडल्या नसतील तेवढ्या माझ्या केसांना पडल्या. आणि बँडनं खूण बघून शेवटचं कडवं सुरू केलं, मी गायले, पूर्ण गायले, बापाला उत्तर दिलं, आणि ते कुणीही ऐकलं नाही. मला स्वतःला ऐकू आलं नाही. पडदा पडला तेव्हाही लोक केसांसाठीच टाळ्या वाजवत होते.

मागे सगळे मिठ्या मारत होते. दादा ओरडत होते, "बोला था ना? बोला था ना मैंने?" आई आत आली. माझ्या केसांवरून हात फिरवला. तिचा चेहरा सुटला होता.

"केस सोडले तवा किती सुंदर दिसत होती तू," ती म्हणाली. "आता लोक काई म्हणत नाई. सगळ्यायले समजलं, पोरगीच हाय म्हणून."

मला तिथं तिच्याशी वाद घालवेना. मी केस बांधून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंगणात चहा पीत बसले होते. मला जवळ बोलावलं.

"एक सांग मले. त्या पोट्ट्यानं बापाले काय उत्तर देल्लं?"

"शेवटी सांगतो ना तो. शेवटच्या गाण्यात."

"मले आयकू नाई आलं. लय गोंधळ झाला. तू केस सोडले, मंग लोक उठले, मंग मले काई दिसलं नाई, काई आयकू आलं नाई."

मी त्यांच्या समोर खाली बसले आणि ते कडवं गायले. वाद्याशिवाय, हळू. त्यात मुलगा म्हणतो, मी तुमच्यासारखाच झालो बाबा, तुमच्याच हातांनी तारा छेडतो, तुमच्याच छातीतून गातो. तुम्ही दिवसभर जे बोलला नाहीत तेच मी रात्री ओरडतो. बाबा कपाकडे बघत ऐकत होते. संपल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"हे तं चांगलं हाय," म्हणाले. "मंग केस कावून सोडले मधात?"

"दादांनी सांगितलं."

"त्यायले हे गाणं आवडत नाई का?"

मी त्यांचा कप उचलला. ज्या गोष्टीसाठी मी आठवडाभर दादांशी भांडून शब्द शोधत होते, ती बाबांनी एका प्रश्नात विचारली होती, आणि तेही खरोखर माहीत करून घ्यायचं म्हणून.

दोन दिवसांत व्हिडिओ फिरायला लागला. काही सेकंदांचा. टोपी, पिना, केस, आरडाओरडा. वर लिहिलेलं, शेवटपर्यंत बघा. शेवट म्हणजे केसच होते, गाण्याचा एक सूर त्यात नव्हता. शाळेत मुली मला केस सोडून दाखवा म्हणायच्या. स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, "मॅडम, बिलकुल पता नहीं चला, और फिर क्या पता चला!" मी तास घ्यायला निघून गेले.

रायपूरचा प्रयोग ठरला. मी दादांना भेटले आणि सांगितलं, केस नाही. बाकी सगळं तुमचं ऐकते, पण शेवटचं कडवं मोकळं सोडा. ते म्हणाले, रायपूरवाल्यांनी व्हिडिओ बघूनच बोलावलं आहे. मी म्हटलं, मग त्यांना सांगा गाणं ऐकायला या. ते म्हणाले, विचार करतो. तो विचार मला माहीत होता. म्हणून मी सुपेल्यातल्या पार्लरमध्ये गेले आणि केस कापून आले. मानेच्याही वर. पार्लरवाली तीनदा म्हणाली, "दीदी, पक्का ना?"

आई मला बघून खाली बसली. ओरडली नाही, तेच वाईट होतं. नंतर म्हणाली, "मले एकदा विचारलं असतं तं. मी तेल लावून वाढवले व्हते ते." तिचं बरोबर होतं. केस माझ्या डोक्यावर असले तरी हात तिचे लागले होते. मी तिच्याजवळ बसले, पण सॉरी म्हटलं नाही, कारण कापल्याचं मला वाईट वाटत नव्हतं.

दादांनी मला पाहिलं, कपाळावर हात मारला आणि म्हणाले, "ये तूने अपने पैर पर कुल्हाड़ी मारी है." त्याच संध्याकाळी एका मुलाला बोलावलं. गाणी त्याच्यासाठी वर चढवली.

रायपूरचा प्रयोग मी पाहिला नाही. नायिकेनं मला नंतर सांगितलं, सुपेल्यात गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्यासमोर. मुलगा ठीक होता. शेवटचं कडवं स्वच्छ ऐकू गेलं, मध्ये काही झालं नाही.

"और लव सॉन्ग?" मी विचारलं.

तिनं द्रोणातलं पाणी पिऊन टाकलं. "बीच में आ गए वापस. हाथ पकड़ के."

"और तेरी मम्मी?"

"मम्मी सामने बैठी थी. कुछ नहीं बोली." मग म्हणाली, "वो लड़का इतना ज़ोर से पकड़ता है, उँगली दुखती है मेरी."

मला इतका राग आला की गुपचुपचं पाणी हातावर सांडलं. तिच्यावर नव्हता, पण समोर तीच होती. मी म्हटलं, तू सोडून द्यायला हवं होतंस.

"तू छोड़ सकती है, तेरे पास आवाज़ है," ती म्हणाली. "मेरा पहला लीड है यार. मुझे फिर कौन बुलाएगा?"

मला कोण बोलावतंय, हे मी तिला विचारणार होते. नंतर दोन ठिकाणांहून फोन आले होते. एका लग्नाच्या संगीतात मला नवरदेवाचा मित्र बनून लोकांना हसवायचं होतं. एका कार्यक्रमात पडद्यामागून राक्षसाचा आवाज द्यायचा होता. दोन्हींना नाही म्हटलं. पण हे तिला सांगून काय उपयोग? ती बोटं चोळत होती. ठेलेवाला पुढची गुपचुप घेऊन हात लांब करून उभा होता, आणि आमच्या दोघींतली कोणीच द्रोण पुढे करत नव्हती.